मांडवात एआय आणण्यापूर्वी आणि आणल्यानंतर

तुळशीचे लग्न लागले की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील मंडपवाले, आचारी, मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक, छायाचित्रकार आणि बँडवाले यांच्या फोनला उसंत राहत नाही, आणि ही धावपळ पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालते. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून प्रत्येक हंगामात 'आता हे सगळे एआय करील' असे सांगणारा कोणी ना कोणी आमच्या धंद्यात भेटतोच. गेले तीन हंगाम मी ही साधने लग्ने, संमेलने आणि दुकानांच्या उद्घाटनांसाठी वापरली आहेत. त्यातून जे टिकले ते येथे लिहितो. मोठ्या शहरांतील कंपन्यांकडे असते तशी संगणकांची फौज येथे गृहीत धरलेली नाही; एक बरा मोबाइल, छापून घेण्याची सोय आणि जुन्या वह्या एवढे भांडवल पुरेसे आहे.

कोणते काम यंत्राला द्यायचे याची माझी कसोटी साधी आहे. जे काम वहीत मांडता येते आणि ज्यातील चूक दुरुस्त करायला हाताशी वेळ असतो, ते द्यावे. ज्या कामात आपण कोणाला शब्द देतो, म्हणजे तारीख, भाव, मुहूर्त, मानपान, ते देऊ नये.

सुरुवात वहीपासून

साधन कोणते घ्यावे हा प्रश्न नंतरचा आहे. आधी मागच्या हंगामातील दहा-पंधरा कार्यक्रमांची नोंद एका तक्त्यात आणावी. त्यात तारीख, दुपारचे की गोरज मुहूर्ताचे लग्न, गाव, किती घरांना बोलावणे होते, प्रत्यक्ष किती ताटे उठली, बेत काय होता, काय उरले, वाढपी किती होते आणि जनरेटर किती तास चालला, एवढे रकाने पुरतात. वहीची पाने मोबाइलने टिपून चॅटजीपीटी किंवा जेमिनीला दिली तर ती हस्ताक्षरातील मजकूर टंकित करून देतात आणि चार दिवसांचे काम दुपारभरात उरकते. मात्र घाईने लिहिलेला १ आणि ९ यांत त्यांची हटकून गल्लत होते, तसेच 'अडीचशे' हा शब्द कधी २५० तर कधी २०० म्हणून उतरतो. त्यामुळे प्रत्येक पानाची बेरीज स्वतः ताडून पाहावी. पान टिपण्याआधी ग्राहकांच्या फोन क्रमांकांच्या रकान्यावर कागद ठेवावा. ते क्रमांक यंत्राला देण्याचे काही कारण नाही.

ही वही नसेल तर पुढचे सारे व्यर्थ आहे, हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या वर्षी मी कोणतीही नोंद न देता 'हजार पानांचे जेवण, सामानाची यादी दे' एवढेच विचारले, आणि यंत्राने अत्यंत नीटनेटकी यादी दिली, ज्यात पनीर होते, नान होते, तीन प्रकारची सॅलड होती. आमच्याकडे त्या दिवशी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती.

पंगतीचा अंदाज

केटरिंगमध्ये नफा-तोटा ठरतो तो ताटांच्या अंदाजावर. आपल्या भागात हा अंदाज चुकतो त्याचे मुख्य कारण म्हणजे पत्रिकांची संख्या आणि माणसांची संख्या यांचा सरळ संबंध नसतो. चूलबंद आवतण असेल तर घरातील सगळी माणसे येणार असे समजायचे. घरटी एक असेल तर एकच. यजमान मात्र सांगताना 'साडेसहाशे घरे' एवढेच सांगतात. म्हणून घरांची यादी घेतानाच बोलावण्याचा प्रकार वेगळ्या रकान्यात लिहून घ्यावा.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा, ६४० घरांपैकी ४१० घरांना चूलबंद आणि २३० घरांना घरटी एक असे बोलावणे आहे. आपल्या जुन्या नोंदींवरून चूलबंद घरातून सरासरी ३.४ माणसे आणि घरटी एकच्या घरातून सरासरी १.१ माणसे जेवल्याचे दिसत असेल, तर पहिल्या गटाची १,३९४ आणि दुसऱ्या गटाची २५३, मिळून १,६४७ ताटे होतात. एआयचा उपयोग ही बेरीज करण्यासाठी नाही. भाषेवर चालणारी ही साधने मोठ्या आकडेमोडीत चुकू शकतात, आणि चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतात. त्यांच्याकडून एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये घालायचे सूत्र लिहून घ्यावे आणि आकडेमोड शीटला करू द्यावी. त्यांचा खरा उपयोग जुन्या नोंदींतील ढब हेरण्यात होतो. मे महिन्यात दुपारच्या लग्नाला किती माणसे पंगतीला न बसता पाणी पिऊन निघून जातात, सुरतेहून येणारे वऱ्हाड असेल तर दुसऱ्या पंगतीत किती वाढ होते, रविवार आणि आडवार यांत फरक पडतो का, असे प्रश्न तक्ता जोडून विचारावेत आणि प्रत्येक उत्तरासोबत 'हे कोणत्या ओळींवरून काढलेस ते दाखव' असे सांगावे. ओळी दाखवता आल्या नाहीत तर ते उत्तर सोडून द्यावे.

अंदाज मागताना एक आकडा न मागता कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त असे तीन मागावेत, कारण आपल्या बेतात या तिन्हींचा उपयोग होतो. वरण मधल्या आकड्याइतके शिजवावे, कारण जळगाव-भुसावळकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात उरलेले वरण संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बट्ट्या मात्र जास्तीत जास्त आकड्याइतक्या उकडून ठेवाव्यात आणि तळणी पंगत पाहून चालू ठेवावी. उकडलेली बट्टी थांबते, तळलेली थांबत नाही. यंत्राला हे ठाऊक नसते आणि आचाऱ्याला असते, म्हणून अंतिम आकडा आचाऱ्याला दाखवल्याखेरीज किराण्याची यादी दुकानात पाठवू नये.

पत्रिका आणि आमंत्रणे

मजकूर लिहून घेणे हे एआयचे सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचे काम आहे. ही साधने पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे हे पाहून वाक्य पुरे करतात. लग्नपत्रिकेत नावाआधी 'श्री.' येण्याची शक्यता नेहमीच अधिक असते. एका पत्रिकेसाठी यजमानांनी बोलून दिलेली माहिती मी तशीच यंत्राला दिली, सुंदर मजकूर तयार झाला, मी तो छापखान्यात पाठवला. प्रूफ काढणाऱ्या जुन्या कंपोझिटरने फोन केला आणि शांतपणे विचारले, "भाऊ, आबांना गेल्या पोळ्याला खांदा दिला ना आपण?" नवऱ्या मुलाच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' हवे होते, तेथे 'श्री.' पडले होते. यजमानांनी बोलताना 'कैलासवासी' म्हटले नव्हते, मी विचारले नव्हते, आणि यंत्राने रिकामी जागा आपल्या मनाने भरली होती. ती पत्रिका वाटली गेली असती तर भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

त्यानंतर मी पत्रिकेसाठी एकच ठरलेली सूचना वापरतो आणि ती मोबाइलमध्ये साठवून ठेवली आहे: 'खाली दिलेली नावे, नावांआधीची श्री., सौ., कै., गं. भा., चि., चि. सौ. कां. ही उपपदे, गावे, तारखा आणि वेळा जशाच्या तशा ठेव. जी माहिती दिलेली नाही तेथे जागा रिकामी सोडून "विचारा" असे लिही. स्वतःहून एकही नाव, नाते किंवा उपपद भरू नकोस.' या सूचनेने चुका पुष्कळ कमी होतात, संपत नाहीत. म्हणून नावांची यादी यजमानांच्या घरातील वडीलधाऱ्या बाईसमोर मोठ्याने वाचावी. कोणाचे नाव कोणाच्या आधी यायला हवे हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. चित्र काढणाऱ्या साधनांकडून मात्र पत्रिकेवरील अक्षरे कधीही काढून घेऊ नयेत, कारण देवनागरीतील जोडाक्षरे आणि रफार त्यांना अजून भरवशाने जमत नाहीत. नक्षी त्यांची घ्यावी, अक्षरे छापखान्याची.

मुहूर्ताविषयी वेगळे सांगायला हवे. २०२६ च्या हंगामाची आखणी करताना मी एका चॅटबॉटला लग्नाच्या तिथी विचारल्या, आणि त्याने मेअखेरच्या चार तारखा 'उत्तम' म्हणून दिल्या. त्या वर्षी १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे आणि त्यात आपल्याकडे लग्ने होत नाहीत. तिथी पंचांगातून घ्यावी आणि गुरुजींकडून पक्की करावी.

पाहुण्यांची यादी साफ करण्याचे काम यंत्राकडे देताना आपल्या भागातील एक अडचण ध्यानात ठेवावी. येथे एकाच यादीत एकाच नावाचे तीन-चार पाटील सहज निघतात. दुहेरी नावे काढून टाकण्यास सांगितले की यंत्र त्यांना एकच माणूस समजते आणि दोन घरे आमंत्रणाविना राहतात. गावाचे नाव जोडूनही भागत नाही, कारण कुसुंबा धुळे तालुक्यात आहे तसे जळगावजवळही आहे, आणि खुर्द-बुद्रुकची जोडी तर जागोजागी आहे. नाव, वडिलांचे नाव, गाव आणि तालुका असे चार रकाने करावेत, आणि 'काढून टाक' असे न सांगता 'शंकास्पद जोड्या वेगळ्या दाखव' असे सांगावे.

भाषांतराचा उपयोग मात्र चांगला होतो. सुरत-उधन्याकडे राहणाऱ्या आपल्या माणसांच्या पुढच्या पिढीला गुजरातीत आणि बऱ्हाणपूरकडील सोयऱ्यांना हिंदीत निरोप पाठवायचा असेल तर ही साधने काम नीट करतात. केंद्र सरकारच्या भाषिणी या उपक्रमातून डिसेंबर २०२३ मध्ये वाराणसीच्या काशी तमिळ संगममध्ये पंतप्रधानांचे हिंदी भाषण त्याच वेळी तमिळमध्ये ऐकवले गेले होते, म्हणजे मोठ्या सभेतही हे शक्य आहे. आपल्या खान्देशातील अहिराणी बोलीचे तसे नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषेच्या नावाखाली १८ लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे, पण ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नाही आणि तिचे लिखित साहित्य संगणकापर्यंत फारच थोडे पोचले आहे. परिणामी यंत्राची अहिराणी म्हणजे मराठीला चार ठिकाणी 'शे' जोडलेली भाषा होते. 'लगनले बठ्ठा येज्यात' (लग्नाला सगळे या) एवढे जरी म्हणायचे असले तरी घरातील आजींच्या आवाजात तीस सेकंद ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सअॅपवर पाठवावे. त्याचा मान वेगळा आणि खर्च शून्य.

चौकशीची उत्तरे

हंगामात दिवसाला पन्नास चौकश्या येतात आणि त्यांतील बहुतेकांना तीच उत्तरे द्यायची असतात: कार्यालयात किती माणसे बसतात, खोल्या किती, पार्किंग आहे का, बाहेरचा आचारी चालतो का. यासाठी व्हॉट्सअॅपवर आपोआप उत्तर देणारा चॅटबॉट लावायला हरकत नाही. त्याला फक्त आपण लिहून दिलेल्या वीस-पंचवीस उत्तरांतूनच बोलू द्यावे, आणि भाव, सवलत किंवा तारखेची खात्री यांपैकी काही विचारले गेले की 'व्यवस्थापक आपल्याला फोन करतील' असे सांगून थांबायला लावावे. कॅनडामध्ये एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला भाड्याच्या सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. 'ते चॅटबॉट बोलला, आम्ही नाही' असा बचाव कंपनीने केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे कोणी कोर्टात जाणार नाही कदाचित, पण एकाच तारखेसाठी दोन घरांना होकार गेला तर प्रकरण कोर्टापेक्षा लवकर तापते.

वेळापत्रक

मुहूर्तापासून उलट मोजत वेळापत्रक बनवून घेणे हे मला सर्वांत समाधान देणारे काम वाटते. मुहूर्त, वऱ्हाड कोठून येणार, मारुतीच्या दर्शनापासून मांडवापर्यंत मिरवणुकीचे अंतर किती, पंगती किती आणि एका पंगतीला किती वेळ लागतो, एवढे दिले की आचारी, मंडप, ध्वनी आणि छायाचित्रण या प्रत्येकासाठी वेगळा कागद तयार होतो. मिरवणुकीला यंत्र वीस मिनिटे देते. आपण दीड तास लिहावा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, हे सूचनेतच घालावे, म्हणजे हळदीच्या रात्रीचा कार्यक्रम त्या हिशेबाने मागे सरकतो. सगळे कागद छापून घ्यावेत. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या डोंगराळ भागात फोनला रेंज मिळेलच असे धरून चालू नये. जनरेटरचा भार आणि वायरींची जाडी यंत्राला विचारू नये, ते परवानाधारक वायरमनचे काम आहे.

सजावटीची चित्रे

ग्राहकाला मांडव कसा दिसेल हे दाखवण्यासाठी एआयने काढलेले चित्र फार उपयोगी पडते आणि तितकेच अंगलट येते, कारण चित्रातील चाळीस फुटांच्या फुलांच्या कमानीला मध्ये खांब नसतो. मी एकदा केळीच्या खांबांचे प्रवेशद्वार मागितले, तर पाठीमागे नारळाची झाडे आणि होड्या आल्या. केळी म्हटले की यंत्राला केरळ आठवते, आपले केळीचे रावेर-यावल आठवत नाही. यावर उपाय म्हणजे आपल्या गोदामातील प्रत्यक्ष कमानी, झुंबरे आणि पडदे यांची छायाचित्रे देऊन त्यांतूनच रचना करायला सांगणे. ग्राहकाला देताना चित्रावर 'कल्पनाचित्र' असे ठळक लिहावे, आणि खरा करार मापे व सामानाच्या यादीवर करावा.

चेहरे आणि आवाज

पाहुण्याने स्वतःचा फोटो दिला की हजारो छायाचित्रांतून त्याचे फोटो शोधून देणारी साधने आता छायाचित्रकार सर्रास वापरतात. सोय मोठी आहे, पण येथे आपण लोकांचे चेहरे साठवत असतो. भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, तो संमतीवर भर देतो आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. म्हणून प्रवेशद्वाराजवळ मराठीत पाटी लावावी, ज्यांना नको असेल त्यांना नाही म्हणता यावे, फोटोंचा दुवा सर्वांसाठी खुला न ठेवता फक्त ज्याचा चेहरा त्यालाच फोटो दिसतील असे करावे, आणि सारे कधी पुसले जाईल याची तारीख यजमानांना लेखी द्यावी. गर्दीच्या लग्नातील मुलींचे फोटो कोणाच्या हाती जातील याची काळजी कायद्याआधीपासून आपल्या घरांना आहे.

आवाजाची नक्कल हा नवा हट्ट आहे. प्रसिद्ध गायकाच्या आवाजात नवरा-नवरीचे नाव घ्यायला लावा, अशी मागणी डीजेवाल्यांकडे येते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने केलेली नक्कल रोखणारा आदेश दिला आहे, तेव्हा अशा मागणीला सरळ नकार द्यावा. दिवंगत आजोबांनी आशीर्वाद दिल्याची चित्रफीत बनवायची असेल तर घरातील सर्वांना आधी दाखवावी. भर मांडवात ती अचानक लावली जाते तेव्हा आजींना काय वाटते, ते मी पाहिले आहे.

गर्दी

मोठ्या यात्रा-जत्रांमध्ये कॅमेऱ्यांनी गर्दी मोजण्याचे तंत्र आता आले आहे. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, तरी २९ जानेवारीला चेंगराचेंगरीत अधिकृत आकड्यानुसार किमान ३० जणांचा जीव गेला. कॅमेरा गर्दी मोजतो, वाट मोकळी करत नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणाऱ्या घोडेबाजारासारख्या ठिकाणी दुकान किंवा मंच लावणाऱ्याने आधी येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी ठेवावी, बाहेर पडण्याच्या वाटेवर रसवंती किंवा खेळण्यांचा गाळा येऊ देऊ नये, आणि मगच मोजणीचा विचार करावा.

कार्यक्रमानंतर

पहिल्या हंगामात पैसे भरून काहीही घेऊ नये. फुकट मिळणाऱ्या सोयीत पंगतीचा तक्ता, पत्रिकेचा मजकूर आणि वेळापत्रक एवढे भागते. त्याऐवजी कष्ट नोंदीवर खर्च करावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, मंडपाचे बांबू ट्रॅक्टरवर चढण्याआधी, ताटांचा खरा आकडा तक्त्यात गेला पाहिजे. यजमानांना विचारून तो मिळत नाही, कारण ते आनंदात आकडा वाढवून सांगतात. वाढप्यांना विचारूनही मिळत नाही, कारण दुसऱ्या पंगतीनंतर ते मोजणे सोडून देतात. पत्रावळींचे उघडलेले गठ्ठे मोजावेत, शेवटच्या गठ्ठ्यातील उरलेल्या पत्रावळी वजा कराव्यात, फाटलेल्या बाजूला टाकल्या असतील तर त्याही वजा कराव्यात, आणि उरलेला आकडा कालच्या अंदाजाशेजारी लिहावा.